दुष्काळात भिजलेलं रजिस्टर

मी जनरल रजिस्टर बोलतोय, जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेचं. सरकारी कागदाप्रमाणे मी आता अस्तित्वात नाही. छत गळून मी भिजलो, कुजलो आणि वाचण्यासारखा राहिलो नाही, असा माझा पंचनामा झालेला आहे आणि त्यावर पाच पंचांच्या सह्या आहेत. तेव्हा हे मेलेल्याचं बोलणं समजा. जिवंत होतो तोवर मला कुणी काही विचारलं नाही. माझ्यात फक्त लिहिलं, आणि गरज पडली तेव्हा खरवडलं.

माझं गाव शिरूर कासारहून पाटोद्याकडे जाताना आडबाजूला आहे. त्याचं नाव माझ्या पुठ्ठ्यावर होतं, ते उंदरांनी खाल्लं. मीही सांगत नाही.

१९६७ साली मी या गावात आलो. लाल कापडी पाठ, जाड पिवळसर पानं आणि प्रत्येक पानावर रकाने आखलेले. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, शाळा सोडल्याची तारीख, शेरा. पहिल्या गुरुजींनी मला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. यात एकदा लिहिलं की ती काळ्या दगडावरची रेघ, असं ते पोरांना म्हणाले. मला फार अभिमान वाटला होता. नव्याचे नऊ दिवस होते ते.

पोरांची नावं लिहायला सुरुवात झाली आणि मला माझी लायकी कळली. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा. बाप म्हणायचा, "त्या साली जवारी लई झाल्ती." आई म्हणायची, "कारखाना सुरू होऊन म्हैना झालता. उसाच्या फडातच झालं." मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं, आणि जन्मतारीख एक जून. माझ्यात नऊशे चाळीस मुलं आहेत, त्यातली सातशेच्या वर एक जूनला जन्मली आहेत. एवढ्या बायका एकाच तारखेला बाळंत झाल्या, त्याही शाळा उघडायच्या तोंडावर, याचं कुठल्या साहेबाला कधी नवल वाटलं नाही. त्या तारखांवर लोकांना नोकऱ्या लागल्या, लग्नं जुळली, पेन्शनी सुरू झाल्या. इतकं खोटं पोटात घेऊनही मी कपाटात मोठ्या मानानं बसलो होतो.

खरवडण्याचं सांगतो. १९९१ साली गावातला आप्पाराव सहकारी साखर कारखान्यात चिकटायचं बघत होता. वय तीस झालं होतं आणि अट अठ्ठावीसची होती. तेव्हाच्या हेडमास्तरांनी दाढीचं ब्लेड आणलं. १९६१ मधला शेवटचा एक खरवडून पाच केला. अक्षरी तारखेत 'एकसष्ट' होतं, त्यातला 'एक' काढून तिथं 'पा' लिहिला. हात सफाईदार होता, पण माझा कागद जुना. तिथं तांदळाएवढं भोक पडलं. आप्पाराव मी आलो त्याच वर्षी पहिलीत बसला होता. म्हणजे माझ्या नव्या नोंदीप्रमाणे दोन वर्षांचं पोर पाटी घेऊन पहिलीत आलं. हे गणित आजवर कुणी केलं नाही. आप्पारावानंतर आणखी सोळा ओळींवर ब्लेड चाललं. सगळे आपलेच होते, कुणाचा मामा, कुणाचा साडू.

आता नऊशे तीन नंबरच्या ओळीकडे येतो. हे सगळं तिच्यासाठीच सांगतोय.

२००४ च्या जूनमध्ये सत्यभामा नावाची म्हातारी आपल्या नातवंडाचं बोट धरून शाळेत आली. पोराचे आईबाप, मालनबाई आणि शहादेव, दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जात आणि पोर म्हातारीपाशी राही. गुरुजींनी कान धरायला लावला, एक जून लिहिला, आणि नावाच्या रकान्यात 'चि.' लिहून पुढे एक मुलाचं नाव घातलं. ते नाव मी सांगणार नाही. ते माझ्यात आहे हे खरं. पण जिचं होतं तिनं ते टाकलं आहे, आणि टाकलेलं पुन्हा तिच्या दारात नेऊन ठेवणं मला जमायचं नाही.

ते पोर सातवीपर्यंत माझ्या शाळेत शिकलं, हुशार होतं. पोरांनी त्याला पुष्कळ छळलं, त्याचा रकाना माझ्यात नाही. पुढे ते उदगीरकडे दुधाचा डिप्लोमा करायला गेलं. २०२२ साली परत आलं ते साडी नेसून, आजीचं नाव लावून. म्हातारी तोवर वारली होती. तिच्याकडे नाव सोडलं तर द्यायला काही नव्हतं, ते तेवढं नातीनं घेतलं. या सत्यभामेशी बाप बोलेना. आई बोलायची, पण घराच्या आत, दार लावून.

हे मला विमलबाईकडून कळलं. विमलबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवते आणि ऑफिसात भांडी ठेवायला आली की गावातलं सगळं सांगते. सत्यभामा गावच्या सहकारी दूध संस्थेत हंगामी म्हणून लागली होती. सकाळी दूध घ्यायचं, फॅट लावायची म्हणजे दुधातला स्निग्धांश मोजायचा, त्यावरच दर मिळतो, आणि लिहायचं. पहिल्या महिन्यात अर्ध्या बायका तिच्या हातात किटली देईनात. खाली ठेवायच्या आणि मागं सरायच्या. मग त्यांना दिसलं की फॅट खरी लागते. विमलबाई म्हणाली, "मपल्या म्हशीला सात फॅट हाय हे मला आत्ता कळालं. इतके दिस पाच सांगायचे मेले."

२०२३ ला पाऊस गेला. विहिरी तळाला लागल्या, टँकर सुरू झाले. ज्वारी हाती लागली नाही, आणि घरात रोज काही येणार ते दुधाचंच. म्हणून संस्थेचा काटा कुणाच्या हातात आहे याला एकदम किंमत आली. डिसेंबरात संस्थेचे जुने सचिव विठ्ठलराव थकले म्हणून मोकळे झाले. सभेत बायकाच म्हणाल्या, सत्यभामेला सचिव करा. चेअरमन होते आप्पाराव. कारखान्याची नोकरी आणि संस्थेची खुर्ची, दोन्ही सांभाळून होते. ते म्हणाले, "करू की. पर कागद एका नावाचे पायजेत. मार्चअखेरच्या आत आणा."

सत्यभामा काही हात हलवत आली नव्हती. जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र तिनं मिळवलं होतं. राजपत्रात नाव छापून आणलं होतं. आधार नवं झालं होतं. अडलं होतं ते दहावीच्या प्रमाणपत्रावर. बोर्ड म्हणालं, आधी पहिल्या शाळेतली नोंद दुरुस्त करून आणा. पहिली शाळा म्हणजे मी.

जानेवारीत ती ऑफिसात आली. हेडमास्तर होते उत्तरेश्वर सांगळे. माणूस तसा वाईट नव्हता. घाबरट होता, आणि घाबरट माणूस वाईटापेक्षा जास्त नुकसान करतो हे मी तेव्हा शिकलो.

"काय रे, काय काम काढलंस?"

"काय गं म्हना सर. नाव बदलायचंय रजिस्टरात."

"शाळा सोडल्यावर बदल व्हत न्हाई. नियम हाय तसा."

"नियमच आनलाय सर," असं म्हणून तिनं कागद पुढे ठेवले. जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र असलं की बाकीच्या सगळ्या कागदांवर नाव आणि लिंग बदलून द्यायचं, असं त्यात सरकारनंच लिहिलं होतं. सांगळे सरांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग म्हणाले, "वरून मार्गदर्शन मागवतो."

मार्गदर्शन हा शब्द मी छप्पन वर्षं ऐकतोय. तो आला की समजायचं, काम होणार नाही आणि नाहीही म्हणणार नाहीत.

ती पुन्हा आली, तेव्हा प्रतिज्ञापत्र मागितलं. ते घेऊन आली, तेव्हा दोन साक्षीदार मागितले. साक्षीदार घेऊन आली, तेव्हा अर्ज निळ्या शाईत आहे, काळ्या शाईत पाहिजे, असं निघालं. दर वेळी ती पहाटेचं दूध उरकून यायची आणि बाकावर बसून राहायची. मधल्या सुट्टीत पोरं खिडकीत येऊन दात काढायची. ती त्यांच्याकडे बघायची नाही. माझ्याकडे बघायची, म्हणजे कपाटाकडे. मला शरम वाटायची. ज्याच्यात सातशे खोट्या तारखा आहेत त्याच्यात तिचं एक खरं नाव मावत नव्हतं.

पाचव्या खेपेला सरांनी मला टेबलावर काढलं, तिची ओळ दाखवून एकदाचं वाटेला लावायला. पानं सुटी झालेली, म्हणून ते मला पहिल्यापासून उलटत होते. उन्हाची तिरीप पानावर आली आणि सत्यभामा वाकून म्हणाली, "सर, हितं भोक हाय."

सरांनी हात ठेवला. पण तिनं वाचलं होतं. रोज शंभर जणींच्या दुधात पाणी किती हे बघणारी बाई, तिला खरवडलेलं काय ओळखू येणार नाही? ती फक्त म्हणाली, "मला लोकांच्या तारखेशी काय करायचंय सर? मपलं नाव तेवढं नीट लिव्हा."

हे तिनं मनापासून म्हटलं होतं. चूक एवढीच की ते कुणाला खरं वाटलं नाही. एखाद्याच्या हातात दुसऱ्याचं गुपित आलं आणि त्यानं ते वापरलं नाही, असं या गावात कधी झालेलंच नव्हतं.

तिनं तालुक्याला शिक्षण खात्यात अर्ज केला होता, त्याचं पत्र फेब्रुवारीत आलं. पत्र तिच्या बाजूचं होतं. दुरुस्तीला हरकत नाही, मुख्याध्यापकांनी पडताळणीसाठी मूळ रजिस्टर घेऊन हजर राहावं. मला बरं वाटलं. छप्पन वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी साक्षीला बोलावलं होतं.

सांगळे सर ते पत्र घेऊन तडक आप्पारावांकडे गेले असणार. दुसऱ्या दिवशी आप्पारावच ऑफिसात आले. दार ओढून घेतलं.

"रजिस्टर तालुक्याला गेलं तर ते साहेब एकच पान बघतील व्हय?"

"मी न्हाई खरवडलं, आप्पाराव. माझ्या आधीचं हाय ते."

"तुमच्या ताब्यात हाय न्हवं? मपली नोकरी अडीच वरसाआधीच संपायला पायजे व्हती असं निघलं तर पगार माघारी मागतील. अन् तुमी इतके दिस झोपलते का, असं तुमाला इचारतील."

सर म्हणाले, "मग काय जाळू का? शाळेचं दप्तर हाय. मपल्यानं न्हाई जाळवणार."

"जाळू नका. कागदावर भिजवा."

माझा पंचनामा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. मागील पावसाळ्यातील मुसळधार पावसाने छत गळून कपाटातील दप्तर भिजले, असं त्यात लिहिलं. ज्या पावसाळ्यात ढेकूळ विरघळलं नव्हतं त्यात मी कुजलो. हे लिहिलं जात होतं तेव्हा बाहेर टँकर आला होता आणि लोक घागरी घेऊन पळत होते. सह्या करायला पंच रांगेतूनच बोलावले. घागर खाली ठेवून सही केली आणि परत रांगेत गेले, नंबर जाऊ नये म्हणून. पाचवी सही विमलबाईची होती. तिनं विचारलं, "कावून सही, सर?" सर म्हणाले, "खिचडीचं काम पुढच्या वरसी पन पायजे ना?" तिनं सही केली. सात फॅटवाली म्हैस तिला त्या क्षणी आठवली की नाही, मला माहीत नाही. मी तिला दोष देत नाही असं म्हणायला हवं, पण देतो.

भर दुपारी मला तांदळाच्या रिकाम्या पोत्यात घालून मोटारसायकलवरून नेलं. कुठे, तर दूध संस्थेच्या पेंडीच्या खोलीत. संस्थेची खोली आणि ही खोली यांच्यात पत्र्याचा आडोसा आहे. चेअरमनच्या कुलपात, सहकाराच्या छपराखाली मी सुरक्षित आहे. छप्पर गळत नाही.

सत्यभामा तालुक्याला हजर राहिली. सर पंचनामा घेऊन गेले. मूळ रजिस्टरच नाही तर दुरुस्ती कशात करायची, असं ठरलं. गावकऱ्यांकडून जुने पुरावे घेऊन दुबार रजिस्टर तयार करा, असा आदेश झाला. मार्च निघून गेला. सचिवाची जागा रिकामीच होती. बायका अडून बसल्या होत्या म्हणून सभेनं मेअखेरपर्यंत मुदत वाढवली.

मे महिन्यात दुबार रजिस्टर लिहायला घेतलं. शाळेचं छत 'गळकं' ठरल्यामुळे ते काम दूध संस्थेच्या खोलीत चाललं. आडोशापलीकडचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. गाव लोटलं होतं. ऊसतोडीहून माणसं परतली होती. कुणी जुना दाखला आणला, कुणी नुसतंच आलं. ज्यांच्याकडे कागद नव्हता ते तोंडी सांगत, सर लिहून घेत. कुणी जात नीट करून घेतली, कुणी बापाचं नाव, कुणी वय. आप्पारावांनी उभ्या उभ्या सांगितलं, "एक जून पासष्ट." सरांनी लिहिलं, अंकी आणि अक्षरी. भोक नाही, खाडाखोड नाही. सतराच्या सतरा खोट्या तारखा त्या दिवशी न्हाऊन माखून नव्या पानावर बसल्या.

सत्यभामा रांगेत होती. मला वाटलं, आता काय अडचण आहे? कोरं पान आहे, सरकारी कागद आहे, समोर माणूस उभं आहे. खरं सांगतो, माझ्या मरणाचं थोडं चीज झालं असं मला वाटलं.

"सर, हे राजपत्र. नाव सत्यभामा शहादेव."

पेन थांबल्याचं मला कळलं. सर म्हणाले, "दुबार रजिस्टर हाय. जुन्यात जे व्हतं तेच लिव्हावं लागतं."

"जुनं तर कुजलं न्हवं?"

"कुजलं. पर तुझं आमाला पाठ हाय."

आणि त्यांनी ते टाकलेलं नाव मोठ्यानं म्हटलं. रांगेत कुणीतरी हसलं. मग आणखी दोघंतिघं हसले.

"आप्पारावांची तारीक कुठून घेतली, सर?"

"त्यांनी सांगितली."

"मग मपलं नाव मी सांगते."

तेव्हा मालनबाई पुढे आली. आठच दिवसांपूर्वी फडावरून आली होती. चारचौघांत लेकराविषयी तोंड न उघडणारी ती बाई टेबलाला धरून उभी राहिली असावी, कारण टेबल सरकल्याचा आवाज आला. ती म्हणाली, "मला इचारा की. मी जलम दिलाय. ही मपली लेक हाय, सत्यभामा हाय. लिव्हा तसं."

बाप शहादेव दारातच होता, पण त्याचा आवाज काही आला नाही. आप्पारावांचा आला. "आईचं बोलनं म्हंजे पुरावा न्हाई, मालनबाई. सरकारी काम हाय हे."

आप्पारावांची स्वतःची आई तेवीस वर्षांपूर्वी वारली. त्यांच्या जन्मतारखेला तिची साक्ष कुणी मागितली नाही.

सरांनी लिहिलं. नऊशे तीन, 'चि.', पुढे ते नाव, पुढे 'मुलगा'. पेनाचा तो आवाज मी ओळखतो, निबावर जोर देऊन लिहितात तेव्हाचा. सगळ्या गावाचं जुनं ते विसरले, तिचं एकटीचं नीट लक्षात ठेवलं. बरोबर लिहिलं आहे ना म्हणून सही करायला तिला सांगितलं. तिनं केली नाही. आईचा हात धरून ती निघून गेली. तिच्या जागी सरांनी 'सही करण्यास नकार' असा शेरा मारला.

नव्या रजिस्टरावर तालुक्याचा शिक्का बसला. आता तेच मूळ. दुरुस्तीचा तिचा अर्ज पुन्हा गेला आणि परत आला: मूळ नोंदीचा पुरावा उपलब्ध नसल्याने, आणि अर्जदारानेच सहीस नकार दिल्याने, विचार करता येत नाही. सचिव म्हणून आप्पारावांचा साडू बसला. सत्यभामा अजून हंगामीच आहे. पहाटे दूध ती घेते, फॅट ती लावते, वहीवर सही साडू करतो. तिनं कोर्टात जायचं ठरवलंय असं ऐकतो. वकील म्हणाला म्हणे, जुनं रजिस्टर असतं तर केस एका दिवसाची होती.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यात कुणी साहेब असेल, वकील असेल, नुसतं पाय असलेलं माणूस असेल, तर या खोलीपर्यंत या. मी पवित्र आहे असं माझं म्हणणं नाही. मी खोट्याचं गाठोडं आहे, आणि तिच्याबद्दलचं खोटंही माझ्यातच पहिल्यांदा लिहिलं गेलं. पण ते मला खोडू द्या. इतकी वर्षं माझ्यावर ब्लेड चालवलंत, एकदा लाल शाईची एक सरळ रेघ मारा आणि वर तिचं नाव लिहा. मग मला खुशाल भिजवा.

माझ्यावर सरकी पेंडीची पोती रचलेली आहेत. दुष्काळात पेंड भरभर उठते, त्यामुळे गेल्या आठवड्यात वर एकच पोतं उरलं होतं. पोत्याच्या विणीतून मला उजेड दिसू लागला. काल सकाळी नवी गाडी आली. हमाल मिळाला नाही. आप्पाराव बाहेरूनच म्हणाले, "सत्यभामे, ती जुन्या जागीच रच." एरवी ते तिला त्या टाकलेल्या नावानं बोलावतात. ओझं उचलायचं असलं की त्यांना तिचं नाव बरोबर आठवतं.

तिनं पदर खोचला आणि पाठीवरून एकेक पोतं आणून माझ्यावर ठेवलं. पाच ठेवली. पाचव्याला ती थोडा वेळ टेकून उभी राहिली, तिला लागलेली धाप मला कळत होती. मग बाहेर बायकांनी किटल्या वाजवल्या, आणि ती दूध घ्यायला गेली.